घोडा कोणाचा? : ‘नाइट’ या शब्दाच्या मराठी पर्यायांविषयी

मध्ययुगीन युरोपीय वाङ्मयाविषयी मराठीत लिहिताना ‘नाइट’ या शब्दापाशी लेखणी हमखास अडते. कोणी ‘सरदार’ लिहितो, कोणी ‘शिलेदार’, कोणी ‘वीर’; ज्याला कशाचीच खात्री नसते तो ‘नाइट’ असेच ठेवतो, आणि रात्रवाचक इंग्रजी शब्दाशी होणारा देवनागरीतला घोटाळा वाचकावर सोपवतो. ही अडचण कोशातल्या एका नोंदीपुरती असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्या ऐतिहासिक कादंबरीने आणि त्या कादंबरीच्या समीक्षेने हे पर्याय जवळजवळ समानार्थी मानून वापरले आहेत, आणि त्यातून मराठी पराक्रमाची एक विशिष्ट प्रतिमा तयार झाली आहे. ही प्रतिमा घोड्यावर बसलेली आहे. तो घोडा कोणाचा, हे ती सांगत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग, म्हणजे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके, समोर ठेवला आहे. शिरूर हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी रिसाल्याचे ठाणे होते. दौंड तालुक्यातून तुकोबांची पालखी पायी जाते. स्वार आणि पायदळ, दोघांचीही शब्दसृष्टी इथे शेजारी शेजारी नांदते. (शिरूरला घोडनदी म्हणतात म्हणून ‘घोड’ या नदीनामात घोडा शोधण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.)

आधी इंग्रजी शब्दाचे पाहू. जुन्या इंग्रजीत ‘क्निख्त’ असा काहीसा उच्चार असलेला हा शब्द होता. त्यातल्या आद्य ‘क’ची खूण आजच्या लेखनात शिल्लक आहे, उच्चारात नाही. त्याचा अर्थ मुलगा, पोरगा, आणि त्यावरून चाकर. शौर्याचा, कुलीनतेचा किंवा घोड्याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. जुन्या इंग्रजीत ख्रिस्ताच्या शिष्यांना ‘शिकणारा क्निख्त’ अशा अर्थाचा सामासिक शब्द आढळतो. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर धन्याच्या पदरी राहून घोड्यावरून लढणाऱ्या माणसाला हा शब्द लागला. पुढे चिलखत आणि युद्धाश्व यांचा खर्च सामान्याच्या आवाक्याबाहेर गेला, तसा माणूस वर चढला आणि त्याच्याबरोबर शब्दही. दोन-तीन शतकांत चाकराचा उमराव झाला. जर्मन भाषेत मात्र याच शब्दाचा सख्खा भाऊ ‘क्नेख्त’ चाकर, शेतगडी एवढ्याच अर्थी राहिला. उमरावासाठी जर्मनांनी ‘रिटर’, म्हणजे स्वारी करणारा, हा वेगळा शब्द घेतला. फ्रेंच ‘शव्हालिए’ आणि स्पॅनिश ‘काबायेरो’ यांच्या मुळाशी लॅटिन ‘काबाल्लुस’ आहे. तो राजाचा उमदा घोडा नव्हे. तो ओझ्याचा, कामाचा घोडा, आपल्या भाषेत तट्टू. पश्चिम युरोपातले रणशौर्याचे दोन मोठे शब्द अशा रीतीने एक चाकरापासून आणि दुसरा तट्टापासून निघालेले आहेत.

सोस्यूरने दाखवून दिले की शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते. ‘नाइट’चा शेजारी ‘स्क्वायर’, म्हणजे मुळात ढालाईत, धन्याची ढाल वाहणारा. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे ‘शिलेदारा’पाशी त्याची गरज पडणार आहे.

आता मराठीकडे. सर्वांत जुना शब्द ‘राऊत’. राजपुत्र, प्राकृतात राउत्त, मराठीत राऊत, अर्थ घोडेस्वार. ज्या राजशब्दापासून ‘राव’ आणि ‘राऊ’ आले, त्याच घरातला हा शब्द. परंतु त्याची वाटचाल ‘नाइट’च्या उलट दिशेने झाली. राजपुत्रापासून निघून तो साध्या स्वारापर्यंत आला आणि आज आडनावात स्थिरावला. ‘स्वार’ हा शब्द फार्सी, आणि त्याहून जुन्या इराणीत तो ‘असबार’, घोड्याने वाहून नेलेला, असा आहे. आपल्या ‘अश्व’ आणि ‘भृ’ यांच्याच कुळातला. म्हणजे ‘घोडेस्वार’ म्हणताना आपण घोड्याचे नाव दोनदा घेतो. ‘शिलेदार’ हा अरबी ‘सिलाह’, शस्त्र, आणि फार्सी ‘दार’ यांचा जोड: शस्त्र बाळगणारा. शब्दशः पाहिले तर तो ‘नाइट’ नव्हे, त्याच्या शेजारच्या ढालाइताच्या जवळचा. आणि ‘बारगीर’? बार म्हणजे ओझे, गीर म्हणजे घेणारा. फार्सीत हा शब्द ओझ्याच्या जनावराला लागतो; मराठीत तो माणसाला लागला. काबाल्लुसची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे.

शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा प्रयत्न झाला, तरी घोडदळाची ही परिभाषा पेशवाईअखेरपर्यंत टिकली. तिचे कारण तिच्या नेमकेपणात आहे. शिलेदार आणि बारगीर यांतला भेद शौर्याचा नाही, कुळाचा नाही. तो मालकीचा आहे. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार. जो सरकारच्या किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. इंग्रजी शब्दाने वर चढताना आपली चाकरी झाकून टाकली. मराठीने चाकरी आणि मालकी यांना दोन स्वतंत्र शब्द दिले आणि दोन्ही उघड्यावर ठेवले.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या दोहोंत मान कोणाला, याचे उत्तर आजच्या समजुतीपेक्षा वेगळे होते. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस राजारामासाठी लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ती चढत जाते. या रचनेचा कणा पागा, म्हणजे सरकारी घोडा आणि त्यावर बसलेला बारगीर. शिलेदार होते, पण ते पागेच्या वचकात. कोणालाही बंडावा करता येऊ नये असा त्यामागचा हिशेब बखरकार स्वतःच सांगतो. ज्याच्याजवळ स्वतःचा घोडा तो उद्या दुसऱ्या धन्याकडे जाऊ शकतो, हे त्या राज्यकर्त्याला पुरते ठाऊक होते. आज वर्तमानपत्री मराठीत आणि व्याख्यानांत ‘महाराजांचे शिलेदार’ हा शब्दप्रयोग निष्ठेच्या परमावधीसाठी येतो. सभासदाला तो विचित्र वाटला असता. निष्ठेची सारी भिस्त बारगिरावर होती. त्या शब्दाला मात्र आज कोणी हात लावत नाही. त्याच्यातले ओझे अजून ऐकू येते म्हणून असेल.

इथे दौंड तालुक्यातली गावे आठवतात. हिंगणी बेरडी, देऊळगाव ही भीमेकाठची गावे भोसले घराण्याच्या जुन्या पाटिलकीची. बाबाजी भोसल्यांचे मुलगे मालोजी आणि विठोजी हे सिंदखेडच्या जाधवरावांच्या पदरी बारगीर म्हणून राहिले, असे बखरपरंपरा सांगते. मालोजींचा नातू १६७४ मध्ये छत्रपती झाला. पेशवाईत राणोजी शिंद्यांची कथा याच वळणाची: पागेतला साधा माणूस, बाजीरावाचे जोडे छातीशी धरून झोपलेला, आणि पुढे उत्तरेतल्या दौलतीचा संस्थापक. जोड्यांची ही कथा खरी की रचलेली, हा इतिहासकारांचा प्रश्न. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यातला आग्रह महत्त्वाचा: घराण्याला आपल्या उगमातली चाकरी लपवायची नव्हती, मिरवायची होती. महादजी शिंदे सत्तेच्या शिखरावर असताना ‘पाटील’ म्हणवून घेत, त्यातही हेच आहे. इंग्रजीत जी चढण एका शब्दाने चढली ती इथे माणसांनी चढली, आणि शब्द पायथ्याशीच राहिला. त्यामुळे पायथा दिसत राहिला.

शिरूरला या शब्दांचे पुढचे प्रकरण घडले. १८१७ च्या पुणे करारान्वये उभ्या राहिलेल्या घोडदळाचे, पुढे ‘पूना हॉर्स’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या रिसाल्याचे, ठाणे दीर्घकाळ इथे होते. इंग्रजांनी आपल्या अनेक हिंदी रिसाल्यांसाठी जी पद्धत चालवली तिचे नावच ‘सिल्लेदारी’: स्वाराने घोडा, खोगीर, हत्यार यांची तजवीज स्वतः करायची आणि त्याबद्दल वाढीव पगार घ्यायचा. घोड्यासह स्वाराच्या एका जागेला ‘असामी’ म्हणत. ज्याच्याकडे पैसा तो अनेक असाम्या बाळगी आणि त्यांवर बारगीर बसवी. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत मोडीत निघाली. मराठ्यांचा भेद असा शंभर वर्षे इंग्रजी फौजेच्या हिशेबवह्यांत जिवंत राहिला. त्याच काळात मराठी कादंबरी मात्र तो विसरत होती. ‘सरदार’ शब्दाचीही गत पाहण्याजोगी आहे; दख्खनच्या सरदारांची पहिला, दुसरा, तिसरा वर्ग अशी यादीच सरकारने केली, आणि लढणाऱ्याचा शब्द दरबारातल्या खुर्चीचा शब्द झाला.

खुद्द ‘नाइट’ही याच काळात मराठी माणसाच्या वाट्याला आले. प्राकृतांच्या इतिहासावर १८७७ मध्ये विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने देणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर १९११ मध्ये ‘सर’ झाले. राजपुत्राचा राऊत कोणत्या ध्वनिनियमांनी होतो हे ज्यांनी शिकवले त्यांच्याच नावामागे ती पदवी लागावी, यात एक गंमत आहे. गोखल्यांनी १९१४ मध्ये तीच पदवी नाकारली. आणि आज ‘सर’ ही मराठीत शाळामास्तरापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना मारायची हाक आहे. इंग्रजी शब्द शिष्यापासून निघाला होता. पदवी गुरूपाशी येऊन थांबली.

आता कादंबरी. ‘मुक्तामाला’ (१८६१) सारख्या अद्भुतरम्य कथांनी एक शूर, सुंदर, निष्कलंक नायक तयार ठेवलाच होता. गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’ने (१८७१) त्याला शिवकाळात आणले, आणि हरिभाऊंच्या ‘उषःकाला’पासून पुढे तो तिथेच राहिला. वॉल्टर स्कॉटचा या परंपरेवरचा परिणाम आपले समीक्षक मान्य करत आले आहेत, पण तो कथानकाच्या रचनेपुरता, रहस्याच्या गुंफणीपुरता मोजला जातो. माझ्या मते खरा परिणाम नायकाच्या घडणीत आहे. स्कॉटचा ‘आयव्हॅन्हो’ हा एकोणिसाव्या शतकाने मागे वळून कल्पिलेला नाइट. त्याची चाकरी केव्हाच धुऊन गेलेली, उरलेली फक्त आन, वचन आणि द्वंद्व. हा पोशाख मराठी स्वाराच्या अंगावर चढला. स्वाराजवळ मुळात काय होते? गनिमी काव्याची शिस्त, पागेचा हिशेब, लुटीचा जमाखर्च, दाणावैरणीची विवंचना. कादंबरीत यांतले दाणावैरण क्वचित येते. जमाखर्च बहुधा येत नाही. आणि घोडा जणू नायकाबरोबरच जन्मला, अशा थाटात तो उभा असतो.

याचे ठळक उदाहरण शिरूर तालुक्यातच आहे. पाबळला मस्तानीची कबर आहे. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने (१९७२) बाजीराव-मस्तानीचे प्रेम आणि त्याला झालेला कर्मठ विरोध हा मराठी वाचकाच्या मनात कायमचा ठसवला. कादंबरीची ती ताकद मान्यच आहे, आणि कुटुंबकलहाची तिची जाण आपल्या ऐतिहासिक कादंबरीत दुर्मीळ. तरीही तिचा बाजीराव वाचताना जाणवतो तो प्रेयसीसाठी जगाशी भांडणारा, मनाने एकाकी योद्धा, म्हणजे फ्रेंच दरबारी प्रेमकथांतला शव्हालिए. इतिहासातला बाजीराव शाहू छत्रपतींचा नोकर होता, कर्जाने गांजलेला होता, आणि सावकारांची मनधरणी करीत होता. नोकर, ऋणको आणि प्रियकर हे तिघे एकाच देहात कसे राहत असतील, हा कादंबरीसाठी केवढा मोठा विषय! पण ‘नाइट’ची प्रतिमा पहिल्या दोघांना आत येऊ देत नाही.

समीक्षेनेही मदत केली नाही. युरोपीय ‘फ्यूडल’साठी आपण ‘सरंजामी’ हा शब्द रूढ केला आणि मग ‘सरंजामी मूल्ये’, ‘सरंजामी मानसिकता’ अशी शिक्केमोर्तब भाषा सुरू झाली. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. तत्त्वतः तो चाकरीवर अवलंबून असे आणि काढून घेता येई. पिढीजात, मातीत रुतलेले, जिवापेक्षा प्यारे होते ते वतन. व्यवहारात सरंजामही घराण्यात चालू राहिले हे खरे, पण म्हणून दोन शब्दांतला ताण नाहीसा होत नाही. ज्या समाजात माणसे सरंजाम सोडत आणि वतनासाठी मरत, त्याच्या मूल्यांना ‘सरंजामी’ म्हणणे म्हणजे चुकीच्या दारावर पाटी लावणे आहे.

घोड्यावरून उतरून पायदळाकडे आले की चित्र पालटते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीची तुकडी शिरूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा इथे पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. पूना हॉर्सचे स्वार तिच्यात होते, पण गाव धरून ठेवले ते मुख्यतः पायदळाने. नदीपलीकडच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ या अंत्यपदाची अनेक नावे आहेत. ती महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले. या शिपायांसाठी आपल्या ललित वाङ्मयाजवळ कोणता शब्द होता? ‘शिलेदार’ नव्हे, ‘राऊत’ नव्हे. ‘प्यादे’ हा शब्द बुद्धिबळात जाऊन बसला आणि तुच्छतेचा झाला. (त्याच पटावर इंग्रजी खेळाडू ज्याला नाइट म्हणतो त्याला आपण नुसते घोडा म्हणतो, आपल्या पटावर स्वारच नाही.) स्तंभावर नावे कोरली गेली. वाङ्मयात त्यांना जागा मिळायला दलित साहित्याच्या चळवळीची वाट पाहावी लागली.

एक शब्द मात्र होता: ‘पाईक’. पायी चालणारा, पायदळातला शिपाई, हुकमाचा चाकर. प्राकृतात ‘पाइक्क’, फार्सीत ‘पैक’ म्हणजे पायी धावणारा जासूद. तुकोबांच्या गाथेत ‘पाइकीचे अभंग’ म्हणून ओळखला जाणारा अकरा अभंगांचा गट आहे. परंपरा त्याचा संबंध शिवाजी महाराजांच्या मावळ्यांशी जोडते. तो संबंध बाजूला ठेवला तरी अभंगांचे रूपक स्वतःच्या पायांवर उभे राहते. तुकोबांचा पाईक जिवावर उदार आहे, वाटा ओळखणारा आहे, धन्याची मर्जी जाणणारा आहे, आणि नुसत्या पोटासाठी हत्यार बांधणाऱ्यापासून तो निराळा काढलेला आहे. त्याच्याजवळ घोडा नाही. कुळाचा उल्लेख नाही. चाकरी हाच त्याचा मान, आणि विठ्ठलाचा भक्त या मानाचा अधिकारी.

जुन्या इंग्रजीतला ‘शिकणारा क्निख्त’ इथे आठवतो. ख्रिस्ताचा शिष्य क्निख्त, विठ्ठलाचा दास पाईक. चाकराचा शब्द भक्ताला लावून त्याला उंची देण्याची क्रिया दोन्हीकडे एकच आहे. पुढे वाटा फुटल्या. इंग्रजी शब्द घोड्यावर चढला, धर्मातून निघून उमरावीत गेला, आणि चाकरीचा अर्थ मागे टाकून दिला. ‘पाईक’ पायीच राहिला. आजही ‘फुले-आंबेडकरी विचारांचा पाईक’, ‘वारकरी परंपरेचा पाईक’ असे आपण म्हणतो तेव्हा चाकरी आणि अभिमान दोन्ही एकत्र बोलतात. यवत, वरवंड या मुक्कामांवरून जाणारी पालखी पाहिली की हा शब्द कोणत्या जमिनीवर टिकला ते कळते. तेव्हा ‘नाइट’च्या अर्थेतिहासाला मराठीत समांतर शोधायचा तर तो घोडदळाच्या परिभाषेत नव्हे, गाथेत सापडतो.

एवढे म्हटल्यावर एक आक्षेप स्वतःच घ्यायला हवा. ‘पाईक’ आता ग्रंथातला आणि व्यासपीठावरचा शब्द झाला आहे. ‘क्निख्त’ हा घरातला, अंगणातला शब्द होता. पोरगा आणि चाकर हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदण्याची गोष्ट जुनीच. ग्रीक ‘पाइस’मध्ये ती आहे, आणि नव्या करारात शतपतीच्या घरी आजारी पडलेला तो मुलगा की चाकर, हा पेच प्रत्येक भाषांतरकारापुढे येतो. दौंड तालुक्यातल्याच केडगावी पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, तेव्हा त्यांच्याही पुढे तो आला असणार. मराठीत ‘पोऱ्या’ हा तसाच शब्द, पण तो हॉटेलातल्या टेबलापलीकडे गेला नाही.

गेला तो ‘गडी’. शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात आजही सालगडी बोली करून राहतो; हा जर्मन क्नेख्त, तंतोतंत. खेळात बाजू वाटून घेताना गडी मोजतात. जत्रेच्या फडात उतरलेला मल्लही गडी, आणि ‘गडी मोठा जिद्दीचा’ म्हणताना त्याच्या मालमत्तेची चौकशी कोणी करत नाही. बायको नवऱ्याबद्दल बोलतानाही ‘गडीमाणूस’ म्हणते. चाकर, सोबती, खेळाडू, मर्द: चारही अर्थ एकाच वेळी जिवंत, आणि वाक्यात कोणता घ्यायचा ते ऐकणाऱ्याला लगेच कळते. नवव्या-दहाव्या शतकातल्या इंग्रजी खेड्यात ‘क्निख्त’ हा शब्द साधारण असाच ऐकू येत असावा. आर्थरकथांच्या मराठी भाषांतरकाराने गोलमेजाभोवती गडी बसवावेत, असे मी सुचवत नाही, वाचक हसेल. पण तो कशाला हसला, हे भाषांतरकाराने त्याला विचारावे.